सात नंबर

"हा पाच नंबर. हा सहा." सागवानाच्या थप्प्यांमधून रुखमाबाई जुन्या खाटांच्या जागा मोजत चालल्या होत्या. लकडगंजातली ही वखार चाळीस वर्षांपूर्वी पटकीच्या रोग्यांचा दवाखाना होती आणि रुखमाबाई तिथल्या परिचारिका. त्यांच्यामागून शामला वही घेऊन चालत होती. नर्सिंग कॉलेजात शिकवता शिकवता ती विदर्भातल्या परिचारिकांच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होती. जुन्या वॉर्डबुकांत डॉक्टरांची नावं होती, रोग्यांची होती. परिचारिकेच्या जागी नुसतं 'नर्स'.

पुढे थप्पी नव्हती. खाटेएवढी मोकळी जागा, आणि भर मे महिन्यात ओली.

"इथं माल काहून नाही ठेवत गा?" रुखमाबाईंनी हमालाला विचारलं.

"लाकूड सडते जी. फरशी दोनदा बदलवली, तरी पाझरूनच राहिली."

रुखमाबाई तिथेच खाली बसल्या. "हा सात नंबर. विश्वनाथ. वीस वर्षाचा होता. सकाळपासून पाणी मांगे. डॉक्टर म्हने, देऊ नका, उलट्या वाढतीन. मी नाही देलं. माठ हातभर दूर होता, बाई. दुपारी गेला."

शामलाने वॉर्डबुकातलं ते पान पाहिलं होतं. सात नंबरपुढे लिहिलं होतं, 'शांत झोप लागली.'

"ते कोणी लिहिलं, मावशी?"

"मीच. डॉक्टरनं सांगतलं तसं."

शामलाने वही मिटली. "मी तुमचं नाव घालणार नाही."

"घाला. पाणी कोणं नाही देलं, त्याले समजू द्या."

प्रबंधाचे मार्गदर्शक मनोहरराव म्हणाले, "म्हातारीची आठवण हा पुरावा नव्हे. हे प्रकरण काढून टाका." शामलाने ते काढलं नाही. पदवी तीन वर्षं रखडली. तिच्या हाताखालची बाई प्राचार्य झाली. अखेर १९७७ मध्ये प्रबंध मंजूर झाला आणि शामला तो घेऊन रुखमाबाईंच्या गावी, बेशाला गेली.

रुखमाबाई खाटेच्या अगदी कडेला अंग चोरून बसल्या होत्या. शामला बाजूला टेकू लागली.

"तिथं नोका बसू, बाई. जागा नाही."

अर्धी खाट रिकामी होती. त्या बाजूची नवार मात्र खोल वाकली होती. शामला उभ्यानेच ते प्रकरण वाचू लागली. नाव आलं तसा रुखमाबाईंनी हात वर केला.

"पुन्हा वाचा. सावकाश. त्याले नीट आयकू द्या."

शामलाने पदर सावरला, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा स्वच्छ आवाजात वाचलं, "परिचारिका, रुखमाबाई सदाशिव बोरकुटे."