गाडीखालची पायवाट

मी पायवाट बोलतेय. विणकरांच्या पेठेतून निघते आणि बसप्पांच्या मोटारीच्या गॅरेजात संपते. म्हणजे माणसांच्या लेखी संपते. मी आपली अजून पलीकडं जातेच आहे, फक्त ते कुणाला दिसत नाही.

मला कुणी बांधलं नाही. नारळ फोडून, फीत कापून माझं उद्घाटन झालं नाही. पेठेतल्या विड्या वळणाऱ्या बायका कारखान्यात माल द्यायला ज्वारीच्या रानातून आडव्या गेल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच गेल्या, आणि माझा जन्म झाला. रानमालकानं आधी बाभळीच्या काट्या टाकून मला अडवलं. पुढं तोच काट्या बाजूला सारून माझ्यावरून तंबाखू आणायला जाऊ लागला. जवळची वाट सापडली की माणसाचं भांडण फार टिकत नाही.

पायावरून मला माणूस कळतो. पुरुष मधोमध चालतात, बायका कडेकडेनं. सासूविषयी बोलायचं असलं की पावलं सावकाश पडतात, आणि घर दिसू लागलं की विषय बदलतो. हे सगळं मला माहीत, पण मी कुणाला सांगितलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात रान करपलं. मालकानं ते विकलं आणि तिथं कॉलनी उठली. नकाशा काढणाऱ्यानं रस्ते असे रुंद काढले, की दोन ट्रक शेजारून जावेत. कॉलनीत तेव्हा एकसुद्धा मोटार नव्हती. दुकान नको, गर्दी होते, असं ठरलं. पिठाची गिरणी नको, आवाज होतो. झाडांचं पुढं बघू. मी नकाशात नव्हतेच. तरी दोन बंगल्यांच्या मधून राहिले, कारण मीठ संपलं की माझीच आठवण व्हायची. रस्त्यानं जायचं तर पार जकात नाक्याला वळसा घालून जावं लागे, तेही उन्हातून.

बसप्पा ह्या कॉलनीचे चेअरमन. सगळा जन्म पेठेतल्या दोन खोल्यांत काढला आणि उतारवयात बंगला बांधला. त्यांची बायको कमलम्मा बंगल्यात राहायला आली, पण दुपारची भांडी झाली की तिचे पाय पेठेकडं वळायचे. डावा पाय जरा ओढत चालायची ती. सुर्र, टप. सुर्र, टप. पेठेतल्या कट्ट्यावर सुंदरम्मा आणि बाकीच्या बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. कमलम्मा त्यांच्यात बसायची, पानं कातरून द्यायची, कुणाच्या मागावर कसलं लुगडं चढलंय, कुणाची लेक माघारी आलीय, सगळं ऐकून घ्यायची आणि चुक्याची जुडी घेऊन परतायची. जाताना ती म्हातारी असायची. येताना नसायची.

मग घरात सून आली, हेमावती. अक्कलकोटकडची. बोलायची कमी, बघायची फार. आधी सासूच्या मागं अंतर राखून चालायची. ते अंतर रोज थोडं थोडं कमी होत गेलं. एकदा दोघी शेजारी चालल्या, तर मी इतकी अरुंद की एकीचा पदर दुसरीच्या बांगडीत अडकला. सोडवता सोडवता दोघींना हसू फुटलं. ह्या घरात आल्यापासून सून पहिल्यांदा मोठ्यानं हसली ती तेव्हा.

पुढच्याच वर्षी बसप्पांनी मोटार घेतली. जुनीच, पण रंग नवा. तिन्हीसांजेला कमलम्मानं रीतीप्रमाणं गाडीची दृष्ट काढली. कापलेलं लिंबू, कुंकू, चार मिरच्या. हे टाकायचं तिकटीवर, तीन वाटा फुटतात तिथं. आता कॉलनीचे रस्ते सगळे काटकोनात, तिथं तिकटी कुठली? ती माझ्याकडं आली. बंगल्यामागं मला एक फाटा फुटतो, तिथं तिनं ते ठेवलं आणि मागं न बघता घरात गेली.

सकाळी ते शेजारच्या नागूबाईला दिसलं. तासाभरात कॉलनीभर झालं, पेठेतल्या बायका करणी करायला लागल्या. संध्याकाळी चेअरमनच्या व्हरांड्यात सभा बसली. ती वाट बंदच करा, असं जो तो म्हणू लागला. व्हरांडा मला हाकेच्या अंतरावर, सगळं ऐकू येत होतं. कमलम्मा दाराआड चौकट धरून उभी होती. सांगावं तर सगळ्यांसमोर नवऱ्याची शोभा होणार, न सांगावं तर वाट जाणार.

तेवढ्यात हेमावती चहा घेऊन बाहेर आली. ट्रे खाली ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"मामंजी, ते लिंबू आपल्या घरातलं आहे. गाडीवरनं उतरवलेलं."

बशा वाजायच्या थांबल्या. कुणीतरी मिशीतल्या मिशीत हसलं. बसप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"असेना का. लिंबाचं कोण धरून बसलंय, सूनबाई? वाट बंद करायचीच होती. गाडी लावायची कुठं?"

महिना संपायच्या आत माझ्यावर गॅरेज उभं राहिलं. दोन्ही अंगांना कुंपणाची भिंत, वर काचांचे तुकडे. विडीच्या बायका मोठ्या रस्त्यानं, ट्रक चुकवत जाऊ लागल्या.

बसप्पा मनाचे वाईट नव्हते. सोमवारी ते बायकोला गाडीत घालून पेठेत नेत. पण गाडी बोळात शिरत नव्हती. बोळाच्या तोंडाशी उभी केली की मागं सायकली आणि हातगाड्या तुंबायच्या. पहिल्या सोमवारी सुंदरम्मा सूप घेऊनच उठून आली, काचेशी वाकली.

"काय वो कमलम्मा, गाडीत बसून बोलायलाव व्हय? उतरा की खाली."

कमलम्मानं दाराला हात लावला, पण मागून घंट्या वाजायला लागल्या आणि बसप्पांनी गाडी पुढं काढली. हे मी पाहिलं, कारण माझं तिकडचं टोक त्याच बोळात आहे. पुढं पेट्रोल महागलं, मग सोमवारही बंद पडले.

घरात सगळं होतं. पंखा होता, रेडिओ होता. कमलम्मा मागच्या दारात बसून गॅरेजच्या भिंतीकडं बघत राहायची. चालायचं थांबलं तसे गुडघे धरले, मग पाय सुजले, मग तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी पुष्कळ नावं घेतली. हेमावती नुसती पाय चेपत राहायची. उन्हाळ्यात कमलम्मा गेली. पेठेत कळलं तशा बायका कामं टाकून निघाल्या. सुंदरम्मा सगळ्यांच्या पुढं. भर उन्हात नाक्याला वळसा घालून त्या पोचेपर्यंत माती द्यायला घेऊन गेले होते. त्या दारातल्या ओल्या जमिनीकडं बघत उभ्या राहिल्या.

पाहुणेरावळे पांगले. एका दुपारी, भांडी झाल्याच्या वेळेला, मला ते लागलं. सुर्र, टप. सुर्र, टप. मागच्या दारातून निघालं, अंगणातून गॅरेजात आलं. तिथं क्षणभरही थांबलं नाही. गाडीतून आरपार गेलं, भिंतीतून गेलं, आणि पलीकडं पेठेच्या अंगाला माझ्यावर पुन्हा उमटलं. मी पाय ओळखण्यात चुकत नाही.

हेमावती दारातच होती. तिनंही ऐकलं. ओरडली नाही. पदर सावरून उठली, पूर्वीसारखं अंतर राखून मागोमाग चालत गॅरेजपर्यंत आली. तिथं तिला थांबावं लागलं. तिनं भिंतीला तळवा टेकला.

तेव्हापासून हे रोजचं झालं. पलीकडं सुंदरम्मानंही ती पावलं ओळखली. ती रोज भिंतीपाशी येऊन उभी राहते आणि दोघींचं बोलणं भिंतीवरून होतं. एकमेकींची तोंडं दिसत नाहीत. घरच्यांना वाटतं, सून गाडीची धूळ पुसायला जाते.

परवा हेमावतीनं विचारलं, "पोचल्या का?"

"पोचल्या की. कट्ट्यावर बसलेत. पानं आपोआप कातरलेली सापडत्यात बघ सुपात." मग सुंदरम्मानं विचारलं, "तुला कितवा गं?"

"पाचवा लागला."

"मग चालायला पायजे की तू. बाळंतपण सोपं जातं. कुटं चालतीस?"

हेमावतीनं मागं वळून बघितलं. तिच्यामागं तो रुंद रस्ता होता, धूळ आणि ऊन. समोर भिंत. ती अंगणातल्या अंगणात एक फेरी मारून आली आणि पुन्हा भिंतीपाशी उभी राहिली. तिची पावलं आता जड पडू लागली आहेत. डावं पाऊल किंचित ओढलं जातं. पोटातल्या भारानं असेल.

चेअरमनसाहेब, नकाशे काढणारे साहेब, मला रुंद करा असं मी म्हणत नाही. डांबर नको, नाव नको, पाटी नको. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई जाईल एवढी फट त्या भिंतीत ठेवा. सध्या माझ्यावरून पार जायचं तर मरावं लागतं. ह्या पोरीवर ती वेळ येऊ देऊ नका. ती अजून उभी आहे.