ताईनं गप्प बसायचं

"आधी बिस्किटं घ्या बाळांनो," चेअरमन म्हणाले, आणि कंडक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बिस्किटं म्हणे! मुली हॉल मागायला आल्या होत्या, आणि हा गृहस्थ त्यांच्यापुढे बशी सरकवत होता.

वसाहतीच्या ऑफिसात टेबलासमोर तीन मुली उभ्या होत्या. सगळ्यात पुढे मुंगी. खरं नाव वेगळं, पण सदा लगबग चाललेली, म्हणून सगळे तिला मुंगीच म्हणत. इस्त्रीवाल्याची थोरली, दहावीतली. मागे भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर कंडक्टरबाई बसल्या होत्या, तोंड मिटून.

तोंड मिटून बसायचा नियम त्यांचा स्वतःचाच. बसमध्ये दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' करून कमावलेला आवाज, तो गप्प ठेवायचा म्हणजे काय खायचं काम आहे? पण दर रविवारी त्या वसाहतीतल्या मुलींचा गट चालवत. पोरींनी चार माणसांत बोलावं, चार लोकांच्या उपयोगी पडावं, एवढाच हेतू. सुरुवातीला सगळं बाईच बोलल्या आणि पोरी पोत्यांसारख्या बसून राहिल्या. मग वैतागून त्यांनी जाहीर केलं, यापुढे बाहेरच्या माणसाशी बोलायचं ते मुलींनी. ताईनं गप्प बसायचं.

नियम लागला आणि पहिल्याच बैठकीत पोरींनी त्यांना पाडलं. बाईंना झाडं लावायची होती. मुलींनी मतं घेतली आणि भलतंच ठरवलं. ज्यांचे आईबाप रविवारीही कामावर जातात, त्यांची लहान मुलं सकाळभर हॉलमध्ये सांभाळायची. बाईंना राग आला आणि दुसऱ्याच क्षणी हसूही आलं. मुंगी पहिल्यांदा बोलायला उभी राहिली तेव्हा स्वतःच्या चपलांशी बोलत होती. त्याच मुंगीनं परवा प्लंबरच्या मागे लागून हॉलचा गळका नळ दुरुस्त करून घेतला होता.

आणि आता त्या हॉलमध्ये टेबल टेनिस येणार होतं. तेही नेमकं रविवारी सकाळी.

"मोठी मुलं नाक्यावर टवाळक्या करतात, त्यापेक्षा इथे खेळलेली बरी, काय?" चेअरमन म्हणाले.

"हो काका. पण लहान मुलांना आम्ही कुठे बसवायचं?" मुंगी म्हणाली.

"पार्किंगमध्ये बसवा की! छान वारा येतो."

"तिथे गाड्या ये-जा करतात."

"मग लक्ष ठेवायचं! तेच शिकता ना तुम्ही? लीडरशिप!" आपल्याच विनोदावर चेअरमन पोट धरून हसले.

मुंगीची मान खाली गेली. तिच्या शेजारची रेडिओ, जिची टकळी एरवी झोपेतही चालू असते, तीसुद्धा हातातलं बिस्किट कुरतडत होती. मुंगीनं एकदा वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी पंख्याकडे पाहिलं. बोल गं बाई, बोल! खेळाच्या टेबलाला चाकं असतात, त्याची घडी होते, मोठ्यांचे खेळ दुपारी होऊ शकतात. आंधळ्यालाही दिसेल असं उत्तर समोर पडलं होतं, आणि ते ओठांवर धरून ठेवताना बाईंचा जबडा दुखायला लागला.

"चला, ठरलं तर मग," म्हणत चेअरमननी खुर्ची मागे सरकवली. "शहाण्या आहेत मुली."

मुंगीनं मान वर केली. "काका, पण..."

"ठरलं कसं?" कंडक्टरबाई उभ्या राहिल्या होत्या. "कुणी ठरवलं? पार्किंगमध्ये तुमची नातवंडं बसवाल का हो? टेबलाची घडी होते की नाही? मग सकाळी मुलं, दुपारी खेळ! यात घोडं पेंड खातं कुठे?"

धावती बस जागेवर थांबवणारा आवाज तो. चेअरमनचं हसू कुठल्या कुठे पळालं. थोडी कुरकुर झाली, दोनदा 'बघू' झालं, आणि सकाळचा हॉल मुलींना मिळाला.

जिन्यात रेडिओ उड्या मारत होती. "ताई, काय झापलंत हो! कसले गप्प झाले!" बाईंनाही मनातून गुदगुल्या होत होत्या. मुंगी मागून येत होती, एकेक पायरी बघत.

पुढच्या रविवारी हॉल गजबजलेला होता. भिंतीकडे टेबल घडी घालून उभं. तेवढ्यात एक आई तापानं फणफणलेलं पोर सोडायला आली.

"ताई, तुम्हीच सांगा ना तिला," रेडिओ म्हणाली.

वरच्या मजल्यावरचे आजोबा गोंगाटाची तक्रार घेऊन आले. "ताई, तुम्ही बोला. तुमचं ऐकतात," दुसरी मुलगी म्हणाली.

"माझ्या तोंडाकडे काय बघता गं सगळ्या?" बाई कडाडल्या. "मुंगीला विचारा!"

मुंगी एका चिमुरड्याचं नाक पुसत होती. "ताईंनाच विचारा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. आवाज जमेल तेवढा खाली आणला. "मुंगे, त्या दिवशी 'काका, पण' म्हणालीस. पुढे काय म्हणणार होतीस?"

"आठवत नाही."

"आठव की. चुकले गं मी, मध्ये बोलले."

"जाऊ दे ना ताई. काम झालं ना?" मुंगी गोड हसली आणि सांडलेलं पाणी पुसायला उठली.

बाईंना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. एवढ्यात दारात एक नवी बाई मुलाचा हात धरून येऊन उभी राहिली. "इथे कुणाशी बोलायचं?" तिनं विचारलं.

सगळ्या मुलींनी कंडक्टरबाईंकडे बोट दाखवलं.