एका शब्दाचा शिक्का

मी रबरी शिक्का बोलतोय. वर लाकडी मूठ, खाली रबर, आन् रबरावर एकच शब्द. माझं शिक्षण तेवढंच. तोबी उलटा लिवलेला, कागदावर पडला तरच सुलटा दिसतो. शब्द हाय 'निरंक'. म्हंजे काय न्हाय.

जलम माझा भिवंडीतल्या एका गल्लीत, दोन हजार दोन साली. आमच्या हापिसचा कारकून काळूराम मला बनवून घ्यायला आला होता. शिक्केवाला चाचा युपीचा. त्यानं विचारलं, "इसका मतलब?" काळूराम बोलला, "कुछ नहीं."

"कुछ नहीं का भी ठप्पा?" चाचा पोट धरून हसला. मीबी हसलो. तवा हसायला येत होतं.

काळूरामला लिवायचा भारी कंटाळा. अंगणवाड्यांचे तक्ते यायचे, ते भरून वर पाठवायचे. जिथं काय न्हाय तिथं मला उचलायचं, ठप्प. मी पयल्यापासून खोडकर. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात शाई सोडायचो. एकदा त्याच्या रजेच्या अर्जावर लवंडलो. रजेचं कारण: निरंक. साहेबानं रजा दिली न्हाय. काळूरामनं रागानं मला टेबलावर आपटलं आन् माझ्या 'र'ची शेपटी तुटली. ती शेपटी ध्यानात ठेवा.

गणेशपुरीच्या बाजूला डोंगरात एक आदिवासी पाडा हाय. तक्त्यात त्याचाबी रकाना होता, कमी वजनाची पोरं किती. मोजायला मानसं गेली ती दिवाळी झाल्यावर. आता दिवाळी झाली का अख्खा पाडा पोराबाळांसकट खाडीकडच्या वीटभट्टीवर जातो, हे सगळ्यांना ठाऊक. घरांच्या दारात काट्या टाकलेल्या. पोर दिसलं न्हाय, तर सांगितलं, कोनी न्हाय. ठप्प.

पुढल्या महिन्यात परत डोंगर कोन चढतंय? ठप्प. पावसाळ्यात पाडा भरला, अंगणात पोरं नाचली, तरी ठप्प. अशी सहा वरसं. मला आपली मजा वाटायची.

मग सुवर्णा आली, एका संस्थेची. पिशवीत सरकारी बजेटची जाडजूड पुस्तकं. साहेबानं आधी विचारलं, कुठल्या पार्टीची. ती बोलली, "कुठल्याच न्हाय. सरकारनं कुठं किती पैसे ठेवले आन् का ठेवले, तेवढं आमी वाचतो."

मग तिनं समजावलं. हितून जेवढी पोरं लिवून जातात, तेवढ्यांचाच जास्तीचा खाऊ वर बजेटात धरतात. निरंक गेला का पाड्याचा घासच धरत न्हाईत. तिनं सहा वरसांचे तक्ते टेबलावर पसरले आन् एकेकावर बोट ठेवत गेली.

"काळूरामभाऊ, ही तुटकी शेपटी बघा. पाडा भरलेला असतो त्या पावसाळ्यातबी हीच. कोनी मोजलंच न्हाय ना?"

काळूराम पंख्याकडं बघत बसला. मला शाईच्या डबीत तोंड खुपसावंसं वाटलं.

आषाढात दोघं पाड्यावर गेली. मी काळूरामच्या खिशात. बायडी म्हातारी नातीला, हौसाला, कडेवर घेऊन पुढं आली. हौसा तीन वरसांची, अजून चालत नव्हती. तिला वजनकाट्याच्या झोळीत बसवली. काटा सात किलोवर थांबला.

काळूरामचा हात सवयीनं माझ्याकडं आला. मला शिवला आन् मागं गेला. त्यानं पेन काढला. त्या दिशी एकवीस पोरं त्यानं हातानं लिवली. अक्षर पार वाकडंतिकडं.

बायडीनं मला मागून घेतलं. तळहातावर दाबून बघितलं. "काय लिवलाय?"

काळूराम खाली बघून बोलला, "काय न्हाय, आजी."

ती ओढ्यावर गेली, वाळूनं हात घासघासून आली, आन् तळवा त्याच्यापुढं धरला. शाई तशीच होती.

"काय न्हाय, मंग जात का न्हाय?"

काळूरामनं मला परत खिशात घातलं. मी काय बोलनार, मला एकच शब्द येतो.

खाऊ पुढल्या बजेटात धरतील म्हनतात. तवर सुवर्णा आठवड्याला शेंगदान्याचे लाडू पोचवते. हौसा भिंतीला धरून उभी राहते, असं काळूराम साहेबाला सांगत होता.

मी त्याच्या खणात, टाचण्यांत पडून हाय. खोड्या सुटल्या. बाबांनो, एक करा. पाड्यावर जा, पावसाळ्यात जा, पोरं घरी असताना जा. आन् हा खण उघडलात, तर ब्लेडनं माझा तो शब्द खरवडून टाका. मी अडाणीच बरा.