वेन वैद्यांचा श्वास

वेन वैद्यांना घड्याळाचा तिटकारा होता. रोग्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची, एकाखाली हृदयाची नाडी, दुसऱ्याखाली यकृताची, तिसऱ्याखाली मूत्रपिंडाची, आणि आपला एक श्वास आत-बाहेर होईपर्यंत किती ठोके पडतात ते मोजायचं. चार पडले तर माणूस ठणठणीत. गेली पन्नास वर्षं त्यांचा श्वास हेच त्या गल्लीचं मापटं होतं.

त्या सकाळी तोफू विकणाऱ्या लुओबाईंचे सात पडले.

"यकृतात आग पेटलीय तुमच्या. मिरच्या कमी खा," वैद्य खेकसले.

"मिरची सोडून वर्ष झालं, वैद्यबुवा."

पाठोपाठ न्हावी आला, त्याचे दहा पडले. शाळेच्या मास्तरांचे चौदा. वैद्यांनी सगळ्यांना उष्णता उतरवायला वाळलेल्या शेवंतीच्या पुड्या बांधून दिल्या.

"अख्ख्या गल्लीला ताप चढलाय आणि एकालाही पत्ता नाही," ते बायकोवर चिडले.

"गल्लीला चढलाय, की तुमच्या बोटांना?" सुलाननं टोमणा मारला.

"आण बघू हात."

तिनं चहाचा पेला खाली ठेवून मनगट पुढे केलं. नाडी नेहमीसारखीच संथ लागत होती. वैद्यांनी श्वास घेतला आणि मोजायला लागले. वीस झाले. तीस झाले.

"अहो, किती?" तिनं विचारलं.

साठ झाले होते. घेतलेला श्वास अजून बाहेर पडला नव्हता, आणि तो सोडावा असं त्यांना वाटतही नव्हतं.