कुंकवाखालचं चित्र

मित्रांनो, गराजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जे लाल धूड दिसतंय ना, ते मी. इथे मिनेसोटात मला स्नो ब्लोअर म्हणतात. समोरचा बर्फ तोंडात ओढायचा, पोटातल्या पात्याने उचलायचा आणि वरच्या नळकांड्यातून लांब भिरकावून द्यायचा, एवढंच मला येतं. तोंडात आलेला बर्फ आहे की आणखी काही, हे मला कळत नाही. ते तुम्हाला कळायला हवं.

कारखान्यातून निघताना माझ्या नळकांड्यावर एक चित्र चिकटवलं होतं. फिरतं पातं आणि त्यात सापडलेला हात. त्याच्या शेजारी एक पिवळी काठी खोचलेली होती. बर्फ अडकला की मला बंद करायचं आणि त्या काठीनेच तो मोकळा करायचा. माझा पहिला मालक एक म्हातारा गृहस्थ होता. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो मुलीकडे उबदार गावी निघाला आणि मला शेजारच्या कृष्णाच्या हवाली करून गेला. मशीन बंद असलं तरी हात आत घालायचा नाही, असं त्याने काठीवर बोट ठेवून बजावलं. कृष्णाने मान डोलावली.

कृष्णा मूळचा नागपूरचा, इथे ईडन प्रेरी नावाच्या गावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्याची बायको प्रीता हॉस्पिटलमध्ये नर्स. ती पहाटेच बाहेर पडायची, म्हणून छोट्या इलाची वेणी कृष्णाच घालायचा. स्कूलबसची वाट बघत दोघं गराजच्या दारात उभी असायची आणि मी ताडपत्रीच्या फटीतून बघायचो. काय सफाईने चालायची त्याची बोटं! एक बट निसटेल तर शपथ. त्या बोटांचं मला फार कौतुक वाटायचं, आणि तीच एक दिवस माझ्या तोंडाशी येतील की काय, या विचाराने धास्तीही वाटायची.

एका उन्हाळ्यात कारल्याच्या वेलाला आधार हवा होता. कृष्णाने माझी पिवळी काठी उपसली आणि मागच्या अंगणात रोवली. "थंडीच्या आधी परत लावतो ना," तो म्हणाला. कारली खाऊन झाली, वेल वाळला, काठी मात्र तिथेच राहिली.

मग दसरा आला. गाडी झाली, लॅपटॉप झाले, शेवटी माझीही पूजा झाली. झेंडूची माळ घातली. कुंकू लावायला कृष्णाला एखादी सपाट जागा हवी होती आणि नेमकं ते चित्रच त्याच्या हाताखाली आलं. आधी ओली हळद, तिच्यावर ओलं कुंकू. चित्रातला हात पार झाकून गेला. "भारी दिसतोय यार!" म्हणत त्याने माझा फोटोही काढला. पूजेचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून ते तसंच वाळलं.

जानेवारीतल्या त्या सकाळी बर्फ जड आणि ओला होता. नगरपालिकेच्या गाडीने रस्ता साफ करताना आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा बांधच घातला होता. प्रीता गाडीत बसून वाट बघत होती. मी त्या बांधात घुसलो आणि माझं नळकांडं बर्फाने गच्च भरलं. कृष्णाने मला बंद केलं. मग काठीच्या जागेकडे पाहिलं. जागा रिकामी.

"अरे, काठी कुठंय?"

"बाबा, इट्स इन द बॅकयार्ड! कारल्याजवळ!" दारातून इला ओरडली.

मागच्या अंगणात कमरेएवढा बर्फ होता.

प्रीताने काच खाली केली. "थांब, मी झाडूचा दांडा आणते."

"अगं, लेट होतंय तुला. मशीन तर बंदच आहे."

बंद होतो मी, मित्रांनो, पण माझ्या पोटात अडकलेल्या बर्फाने पातं दाबून धरलं होतं आणि त्याचा ताण तसाच कोंडलेला होता. मला वाचा असती तर मी सगळी गल्ली गोळा केली असती. त्याचा हातमोजा आत शिरला. अडकलेला बर्फाचा गोळा सुटला. पातं फक्त अर्धा फेरा फिरलं.

प्रीता धावली. तिने आपला स्कार्फ त्याच्या हाताला करकचून गुंडाळला आणि त्याला गाडीत घातलं. तोंडाजवळचा बर्फ लाल झाला होता, आणि ते कुंकू नव्हतं.

पुढचे कितीतरी महिने माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. गराजच्या दारात इलाची वेणी होतच राहिली, पण आता ती सैल असायची आणि बस यायच्या आत सुटायची. मला ते बघवत नसे.

पुन्हा दसरा आला. कृष्णा हळदकुंकवाची वाटी घेऊन आला तेव्हा इला आधीच ओलं फडकं घेऊन उभी होती. तिने घासून घासून ते चित्र स्वच्छ केलं. मागच्या अंगणातून आणलेली काठी तिने माझ्या अंगावर घट्ट खोचली.

"बाबा, डोन्ट कव्हर इट. कुंकू इथे लाव, हँडलला."

मित्रांनो, मला हार घातला नाहीत तरी चालेल. माझ्या अंगावरची काठी तेवढी अंगावरच राहू द्या, आणि मी कितीही गप्प दिसलो तरी माझ्या तोंडात हात घालू नका.

कृष्णाने हँडलला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि हात जोडले. डाव्या हाताची दोन बोटं समोर उजव्या हाताची जोडीदार बोटं नसल्यामुळे तशीच एकटी उभी राहिली.