मोजणीसाहेबांच्या घरातला जुना डबा

मित्रांनो, ज्याच्यावाचून या दुमजली, अकरा खोल्यांच्या घराचे पान हलत नव्हते, ज्याने सात वर्षे डोळ्याला डोळा न लावता या घराला साऱ्या जगाशी बांधून ठेवले, तो मी. माझ्या डोक्यावर मोजे वाळत घालतात.

मी एक जुना राऊटर आहे. वाय-फाय माझ्यातून निघते. घरात मला 'तो डबा' म्हणतात. मी कारखान्यात जन्मलो. त्याच दिवशी माझ्यासारखेच काही हजार भाऊ जन्मले, त्यामुळे वाढदिवसाचे अप्रूप मला कधी वाटले नाही. या घरी आलो तेव्हा मात्र मोठा मान मिळाला. दिवाणखान्यात उंच फळी, पुढे चार हिरवे दिवे, मागे दोन उभे कान. पहिल्या महिन्यात रोज मऊ फडक्याने पुसत. दुसऱ्या महिन्यात आईंच्या लक्षात आले, की माझी पाठ गरम राहते. तिसऱ्या महिन्यापासून मोजे सुरू झाले.

मोजे बाबांचे. बाबा म्हणजे या घराचे मालक. जमिनी मोजण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. निवृत्त झाले तरी टेप खिशातून गेली नाही. आई म्हणत, "लग्नात हार घालायच्या आधी यांनी माझी उंची मोजली होती. अर्धा इंच कमी निघाले, तरी केलं बाई लग्न."

मुलगा बोटीवर इंजिनीअर. वर्षातले आठ महिने पाण्यावर. सूनबाई मागच्या बाजूच्या वरच्या खोलीत बसून काम करत. आजारपणात ज्यांची वाचा गेली आहे, अशा माणसांना त्या पुन्हा बोलायला शिकवत, लॅपटॉपवरून. मी कुणाचे बोलणे ऐकत नाही, मित्रांनो, नुसते वाहून नेतो. पण हमालाने पेटी उघडली नाही, तरी वजनावरून त्याला अंदाज येतोच.

त्यांच्याकडे एक बस कंडक्टर होता. त्याला एक शब्द फुटत नव्हता. अकरा दिवस सूनबाईंनी धीर धरला. बाराव्या दिवशी त्याने तोंड उघडले, "पु..." म्हणाला, आणि पडद्यावर तसाच थिजला. जाड भिंती, मधे जिना. माझा हात तिथवर पुरला नाही. चित्र परत आले तेव्हा तो रडत होता.

ज्या दवाखान्यासाठी सूनबाई हे काम करत, त्याने त्यांना निरोप धाडला, की महिनाअखेरीपर्यंत घरची लाइन नीट करा, नाहीतर इथे येऊन बसा. दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे तिकडेच खोली घ्यायची.

"एवढं मोठं घर, आणि सुनेनं भाड्याच्या खोलीत राहायचं?" बाबा म्हणाले. "डबा बदलू."

माझे चारही दिवे क्षणभर थरथरले. कुणी पाहिले नाही.

दुकानदार स्वतः घरी आला. म्हणाला, "काका, एका डब्याचं काम नाही हे. आता मेश घ्या. दोन-तीन डबे घरभर ठेवायचे, ते आपसात बोलून घेतात."

आपसात बोलतात! काय बोलतात? कुणाविषयी? मला तेव्हाच वास आला. त्याने चित्र दाखवले: गुळगुळीत, पांढरे, बिनकानाचे. ज्याचे कान दिसत नाहीत, तो नक्कीच जास्त ऐकतो.

"तीन घ्या," दुकानदार म्हणाला. "आणि जमलं तर मधून तार ओढा. हवेतून हे कुजबुजतात, तारेतून ठणकावून बोलतात."

बाबांनी डोळे बारीक केले. "तीन का? तुम्हाला विकायचेत म्हणून?"

"घर लांब आहे, काका."

"लांब किती?"

चौतीस वर्षांच्या मोजणीदाराला 'लांब' म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला 'थोडेसे' म्हणण्यासारखे. बाबा म्हणाले, "आधी मोजणी. मग खरेदी."

त्यांनी फोनमध्ये वेग मोजण्याचे अ‍ॅप घातले, हातात खडू घेतला आणि घरभर फिरले. प्रत्येक दाराच्या चौकटीवर आकडा लिहिला. सूनबाईंच्या चौकटीवर लिहिले: चाळीस. मग माझ्या फळीखाली येऊन उभे राहिले आणि भिंतीवर लिहिले: तीन.

माझ्या पायाशी तीन! मित्रांनो, दिव्याखाली अंधार ऐकला होता. पण हा अंधार माझा नव्हता. माझ्याकडे जोडलेल्या फोनांची यादी असते. त्या यादीत आई होत्या, सूनबाई होत्या, टीव्ही होता. बाबांचा फोन नव्हता. मग हे गृहस्थ मोजत होते कुणाला? मी जोरजोरात दिवे मिचकावले. आई म्हणाल्या, "बिघडलाय वाटतं," आणि दुसरा मोजा ठेवला.

खरी गोष्ट अशी, की दोन वर्षांपूर्वी माझा अ‍ॅडॉप्टर जळाला होता. तेव्हा शेजारच्या मावशींनी आपला पासवर्ड बाबांच्या फोनमध्ये स्वतः घालून दिला होता. मी बरा झालो. फोन मात्र परतलाच नाही. मावशींचा डबा त्यांच्या खिडकीत, बरोबर सूनबाईंच्या खिडकीसमोर. बाबा शेजाऱ्याचे शेत मोजून आपला सातबारा लिहीत होते.

"मागं भरपूर येतंय," बाबांनी निकाल दिला. "कमी आहे ते पुढं. दोनच डबे. एक दिवाणखान्यात, एक पुढच्या वरच्या खोलीत."

"बाबा, तुटतं ते माझ्या खोलीत," सूनबाई म्हणाल्या.

"तुझ्या चौकटीवर चाळीस आहेत."

"चौकटीवर असतील. माझ्या लॅपटॉपमध्ये नाहीत."

"मग खोट लॅपटॉपमध्ये असेल." बाबा थांबले, आणि पुढचे बोलायला नको होते ते बोलले. "किंवा जायचं असेल तर सरळ सांग. डब्याचं नाव कशाला?"

सूनबाई उठल्या. वर गेल्या. दार आपटले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते हळू लावले.

पांढरे डबे आले. दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून ते चालू केले. म्हणाला, "नाव-पासवर्ड जुनेच ठेवतो, कुणाला काही करायला नको." त्यामुळे कुणी काही केले नाही, बाबांच्या फोननेही नाही. टीव्ही झक्क चालू लागला. मला खोक्यात घालून वरच्या बोळात, सूनबाईंच्या दाराबाहेर, जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवले. खोक्याला एक फट होती. तेवढ्या फटीतून मी ते 'चाळीस' रोज पाहत असे.

घरात आता सगळ्यांना सगळ्यांचा संशय. बाबांना वाटे, सून निमित्त शोधते आहे. सुनेला वाटे, सासरे मुद्दाम मागची लाइन बंद करतात. एकदा तिने मुख्य बटणापाशी त्यांना रंगेहाथ पकडले, तर ते टेपने बटणाची उंची मोजत होते. आईंना दोघांचा संशय. आणि त्या पांढऱ्या जोडीचा मला. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा खोलीत बॅग भरल्याचा आवाज आला. कपड्यांचा आवाज कमी असतो. चेनचा फार असतो.

त्याच दिवशी शेजारच्या मावशी आल्या. खालचा त्यांचा आवाज खोक्यातसुद्धा स्पष्ट पोचला. "वहिनी, आमचं वाय-फाय कुणीतरी दोन वर्षं खातंय! भाच्यानं यादी काढली. काल पासवर्डच बदलला."

"अगं बाई! कोण मेला?"

"नाव सापडलंय चोराचं." मावशींचा आवाज बाबांकडे वळला. "भाऊ, तुमच्या फोनचं नाव काय हो?"

बाबांनी फोनचे नाव हौसेने ठेवले होते: मोजणीसाहेब.

मग मावशी आणि आई एकदमच हसत सुटल्या. बाबा हसले नाहीत. जिन्यावर पावले वाजली, एकेक पायरी मोजत असल्यासारखी. ते सूनबाईंच्या दारापाशी उभे राहिले. फोन घरच्या वाय-फायला जोडला. अ‍ॅप लावले. अ‍ॅपचा काटा उठला, थरथरला, बसला. त्यांनी पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा.

मोजणी खात्याची एक रीत होती, ती बाबा नेहमी सांगत: मोजणी चुकली तर आकडा पुसायचा नाही. त्यावर रेघ मारायची, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि खाली सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते कायम दिसते. खडूचा आवाज ऐकून सूनबाईंनी दार उघडले. चौकटीवर 'चाळीस' कापलेले होते. शेजारी 'दोन'. बाबा सही करत होते, पूर्ण नावाची, तारखेसकट.

"शेजारचं मोजलं मी," ते चौकटीकडे बघत म्हणाले. "तुझं मोजलंच नाही."

सूनबाईंनी ती सही वाचली. बराच वेळ वाचली. सहीत वाचण्यासारखे एवढे काय असते कोण जाणे.

"दवाखान्याला कळव, येत नाही म्हणून," बाबा म्हणाले.

"आधी तार ओढा, बाबा. मग कळवते."

"विश्वास नाही माझ्यावर?"

"आहे ना. मोजून घेतलेला बरा, तुम्हीच म्हणता."

बाबांनी टेप काढली. जिन्याच्या कडेने तार किती लागेल ते दोघांनी मिळून मोजले. टेपचे दुसरे टोक सूनबाईंच्या हातात होते. दुकानदार म्हणाला, तिसरा डबा यायला पंधरा दिवस लागतील, तोवर जुन्यालाच तार जोडा, ठणठणीत चालेल. मला खोक्यातून काढले. पुसले! सात वर्षांनी पुसले. खिडकीजवळच्या टेबलावर बसवले. तार पाठीत शिरली आणि माझे चारही दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी कंडक्टर पडद्यावर आला. तोंड उघडले. "पु..." सूनबाई श्वास रोखून बसल्या. दारात बाबा अ‍ॅप लावून उभे. मीही, मित्रांनो, त्या दिवशी नुसता वाहून नेत नव्हतो; ढकलत होतो.

"पुढे," कंडक्टर म्हणाला. आणि मग एका दमात, "पुढे सरका!"

बाबा नकळत एक पाऊल पुढे सरकले.

तिसरा डबा आला, तो अजून खोक्यातच आहे. माझी जागा मला मिळाली. पण खालच्या पांढऱ्यांवर माझी नजर असते. मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा. काम बिघडले की आधी आपली मोजणी तपासा, मग दुसऱ्याची नियत. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला दोन गोष्टी पुरतात, चांगली तार आणि थोडा मान.

आणखी एक. वेग बघायला बाबा आता रोज वर येतात, आणि हात रिकामे नसतात. तेवढे मोजे कुणीतरी उचला. डावा अजून ओला आहे.