मी तोंड मिटणार नाही

मित्रांनो, दचकू नका. आ वासून बसलेला मी एक जुना जबडा आहे, पण चावत नाही. माझे दात तुमच्या मुठीएवढे आहेत. एका दंतवैद्य बाईंनी मला स्वतःच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टरपासून घडवले. बिजागरी जुन्या पेटीची, आणि हिरड्या गरम पाण्याच्या गुलाबी रबरी पिशवीच्या.

"आई, अगं ती माझी पोट शेकायची पिशवी!" त्यांची लेक ओरडली होती.

"आता तिच्यावर अख्खी शाळा दात घासायला शिकेल. तू उशी घे पोटाशी."

शाळेत डबे खाऊन झाले की मुले नळापाशी रांगेत उभी राहत. बाई माझ्यावर भला मोठा ब्रश टेकवून सांगत, "दात सगळेच घासतात. तुम्ही दात नि हिरडी भेटतात तिथे जा. घाण तिथेच दडून बसते. आणि हळू! भांडी नाही घासत आहोत आपण."

पहिल्याच आठवड्यात भोंग्याच्या थुंकीत रक्त दिसले. भोंगा ही दुसरीतली मुलगी. तिने असा सूर लावला की नावाचे कारण कुणाला विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी तिची आजी तावातावाने शाळेत आली. मागोमाग आणखी पालक. मुख्याध्यापक घाबरून म्हणाले, "बाई, बंद करा हे. नसती आफत!"

"पोरीचं तोंड फोडलंत," आजी कडाडली. "रक्त आलं की घासणं बंद, एवढंही कळत नाही? मलापण असंच यायचं. त्याच दिवशी ब्रश फेकून दिला मी!"

"आणि दात?" बाईंनी विचारले.

आजीने उत्तर द्यायला तोंड उघडले. आत एकही दात नव्हता. मग आजीच खो खो हसत सुटली. "अगं बाई, माझ्याच तोंडानं हरले की मी!"

"ब्रशामुळे नाही येत रक्त, आजी. हिरडी सुजलीय म्हणून येतं. घासणं सोडलं की सूज मुक्काम ठोकते. हळू घासू दे तिला. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर मी स्वतः तपासते."

रक्त थांबले. मग आजी रोज नळापाशी येऊन बसू लागली. कुणी घाईत उरकले की म्हणे, "इकडे ये, माझं तोंड बघून जा."

वर्षे गेली. माझ्या दातांपेक्षा हिरड्यांची कड जास्त झिजली. बाईंना त्याचाच अभिमान होता.

मग बाई गेल्या. नळापाशी कुणी येईनासे झाले. नव्या मुख्याध्यापकांनी मला कपाटावर चढवले. जागा वाचावी म्हणून शिपायाने माझे तोंड दाबून पाहिले, पण बिजागरी गंजली होती, तीही जबडा उघडा असतानाच. मी धूळ खाल्ली, पण मिटलो नाही.

एके दिवशी बाईंची लेक त्यांचे सामान न्यायला आली. मुख्याध्यापकांनी मला खोक्यात ठेवले. "आईची आठवण म्हणून घरी न्या. उपक्रम काय, बाईंबरोबरच गेला."

तिने माझ्या हिरडीवर अंगठा दाबला. ते रबर तिच्या ओळखीचे होते.

"आई गेली," ती म्हणाली. "मुलांच्या हिरड्या कुठे गेल्यात? नळाला पाणी येतं ना?"

"येतं, पण तुम्ही कुठे दंतवैद्य आहात?"

"नाही. पण घासायला शिकवता येतं मला. माझी पिशवी गेलीय त्यात."

मित्रांनो, आज मी पुन्हा नळाच्या कट्ट्यावर आहे. माझी एक हिरडी फाटली आहे. हळहळू नका, रांगेत या. ब्रशावर लाल दिसले तर तो फेकू नका. हळू घासत राहा, आणि तरीही थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवा. मला परत कपाटावर ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा, पण आधी या शाळेतली शेवटची सुजलेली हिरडी बरी करून दाखवा.

तोवर मी तोंड मिटणार नाही.